वैनगंगेच्या काठावरून युरोपचे पक्षशास्त्र

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की पायाखाली कारीट फोडतात, आणि त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून फराळाच्या ताटाला हात लावू देत नाहीत. राजकीय पक्षांच्या शास्त्रावरचा हा लेख वाचकांनी त्या कारिटासारखाच मानावा. कडू आहे, पण थेंबभरच.

युरोपात लोकशाहीचा तौलनिक अभ्यास हा आता मोठा विद्याव्यवसाय होऊन बसला आहे. १९७० साली तेथील विद्यापीठांनी राज्यशास्त्राच्या संशोधनासाठी एक संघ स्थापन केला. नॉर्वेचे स्टाइन रोक्कान आणि फ्रान्सचे झाँ ब्लाँदेल हे त्याचे आद्य प्रवर्तक. एका देशातले पक्ष दुसऱ्या देशातल्या पक्षांशेजारी मांडायचे, मंत्रिमंडळे किती दिवस टिकली हे मोजायचे, मतदार कोठून निघून कोठे गेला याचा माग काढायचा, यात तिकडच्या विद्वानांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. या ग्रंथांतले जे चांगले आहेत ते खरोखरच चांगले आहेत. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती समजून घ्यायची तर ते ग्रंथ थोडा वेळ मार्कंड्याला नेऊन वाचावे लागतील.

मार्कंडादेव हे गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातले वैनगंगेकाठचे क्षेत्र. दक्षिणेला निघालेली नदी येथे काही अंतर उत्तरेकडे वळते, म्हणून स्थानाला माहात्म्य. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. देवळांवरची शिल्पे पाहून लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. (असल्या उसन्या पदव्यांचा आम्हाला कंटाळा आहे, मार्कंड्याला मार्कंडा म्हटलेले पुरे.) १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तोवर हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. आता या एका गावावर राज्य कोणाचे, असे विचाराल तर उत्तर सोपे नाही. देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. त्याचा दगड हलवायचा तो त्या खात्याने. नदीच्या पाण्याचा हिशेब पाटबंधारे खात्याकडे. वर भंडाऱ्याकडे गोसीखुर्दचे धरण आणि याच तालुक्यात चिचडोहचा बंधारा. यात्रेच्या दिवसांत कारभार तहसीलदारांचा आणि पोलिसांचा. नळ आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीची. आणि दिल्लीला येथून जो खासदार जातो तो गडचिरोली-चिमूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघाचा. सत्ता एका सिंहासनावर बसलेली नसून अनेक पायऱ्यांवर वाटलेली असते, ही 'बहुस्तरीय शासना'ची कल्पना लिस्बेट हूगे आणि गॅरी मार्क्स यांनी युरोपीय संघाच्या कारभाराकडे पाहून मांडली, तेव्हा तिकडे तिचे कौतुक झाले. मार्कंड्याच्या माणसाला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. कोणत्या कामासाठी कोणत्या पायरीवर डोके टेकायचे हे त्याला पाठच असते.

राहता राहिला पक्ष. या शास्त्राचा प्राण आमच्या मते १९११ सालच्या एका पुस्तकात आहे, आणि नंतरची कपाटेच्या कपाटे म्हणजे त्याच्यावरची टीका-टिप्पणी आहे. रॉबर्ट मिखेल्स हा जर्मन समाजवादी. राजेरजवाड्यांच्या पक्षात मूठभरांची सत्ता असते हे सांगायला विद्वान लागत नाही. म्हणून त्याने तपासायला घेतला तो स्वतःचा पक्ष, समतेची शपथ घेतलेला जर्मन सामाजिक लोकशाही पक्ष. त्याला आढळले ते असे. चळवळ वाढली की संघटना हवी, संघटनेला पगारी कार्यकर्ते हवेत, आणि त्या कार्यकर्त्यांना हळूहळू कायदा, हिशेब, वर्तमानपत्र, सभेचे नियम हे सारे येऊ लागते, जे साध्या सभासदाला येत नाही. सभासद आधी विश्वास ठेवतो, मग सवयीने मान हलवतो, शेवटी सभेला येणेच सोडतो. पुढारी वाईट असतो म्हणून हे घडत नाही. त्याच्यावाचून अडते म्हणून घडते. याला मिखेल्सने अल्पसत्तेचा लोखंडी नियम म्हटले. पुढे तो स्वतः इटलीत मुसोलिनीच्या पक्षात गेला. रोगाचे अचूक निदान करणाऱ्या वैद्याने रोगाच्याच घरी बिऱ्हाड करावे, अशी ही शोकांतिका आहे, आणि मिखेल्स वाचताना ती क्षणभरही विसरता येत नाही.

मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच पंडिताने १९५१ साली सांगितले, की जेथे एका जागेसाठी सर्वांत अधिक मते मिळवणारा निवडून येतो तेथे पक्ष दोनच उरू लागतात. आम्ही १९५१-५२ पासून त्याच पद्धतीने निवडणुका घेत आलो आणि पक्ष मोजता मोजता निवडणूक आयोग थकला. तेव्हा या नियमावर अधिक शब्द नकोत. आरेंड लाइपहार्ट यांची गोष्ट वेगळी. हॉलंडमध्ये कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी असे चार संसार एका छपराखाली कसे नांदले, हे त्यांनी १९६८ साली दाखवले. बहुमताने दडपण्याऐवजी सगळ्यांना वाटा देऊन राज्य चालवता येते, हा त्यांचा सिद्धांत. १९९९ च्या ग्रंथात त्यांनी ३६ लोकशाह्या एका तक्त्यात मांडल्या. त्यांत भारत आहे, आणि १९९६ साली भारतावर त्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिला. परदेशी विद्वानाने इतक्या आदराने आपल्याकडे पाहावे याचा आनंद आहे. पण तो भारत मंत्रिमंडळाचा, भाषावार राज्यांचा, दिल्लीचा आहे.

आणि पीटर मेर. हा आयरिश अभ्यासक २०११ साली अकाली गेला. त्याचे शेवटचे पुस्तक दोन वर्षांनी बाहेर आले. युरोपातील पक्षांची सभासदसंख्या ओसरत आहे, लोक मतदानाला येईनासे झाले आहेत आणि पुढारी समाजातून उठून सरकारच्या ओसरीवर जाऊन बसले आहेत, हे त्यात ज्या थंडपणाने सांगितले आहे त्याने अंगावर काटा येतो. याआधी १९९५ साली त्याने रिचर्ड कॅट्झसह दाखवले होते, की एकमेकांचे वैरी म्हणवणारे पक्ष सरकारी पैशावर पोसले जाण्याच्या बाबतीत मात्र सख्खे भाऊ असतात. २०२२ आणि २०२३ साली एकाच पक्षाचे दोन पक्ष होऊन चिन्हासाठी आयोगाच्या दारी गेलेले ज्यांनी पाहिले, त्या महाराष्ट्रीय वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

मग तक्रार कोणती? ती ही, की पक्ष पोकळ झाला असे म्हणणाऱ्या मेरच्या हातातही माप पक्षाचेच आहे. पक्ष ओसरला म्हणजे लोकशाहीत पोकळी उरली, एवढेच त्या मापाला दिसते. पक्षावाचून जेथे कारभार चालतो त्याला या तक्त्यांत रकाना नाही.

तो कारभार मार्कंड्याच्याच जिल्ह्यात आहे. धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंडांचे गाव. इचमपल्ली आणि भोपालपट्टनम येथील नियोजित धरणांविरुद्ध १९८० नंतरच्या दशकात जे 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, ज्यात लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे होते, त्यातून या गावाला स्वतःच्या कारभाराचा विचार सुचला. देवाजी तोफा हे गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून आलेले सोबती. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांची संमती होईपर्यंत सभा थांबते. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

या गावावर मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली, हे मराठीवर उपकार झाले. कथाकाराने असा विषय घ्यावा हेच विशेष. परंतु आपण वाचक मात्र तिला निव्वळ गोष्ट म्हणूनच वाचतो, हात जोडतो आणि पान उलटतो. युरोपीय पंडित तुलना करून करून आंधळे झाले असतील, तर आपण तुलना न करून झालो आहोत. मिखेल्सचा प्रश्न मेंढ्याला कोणी विचारायचा?

आम्ही विचारून पाहतो. पुढाऱ्याची सत्ता त्याच्या जाणतेपणातून येते, असे मिखेल्स म्हणतो. मेंढ्याने यावर जो उपाय शोधला तो युरोपच्या एकाही पक्षाला सुचला नाही: अभ्यासगट. कायदा, जंगल, हिशेब यांवर बाहेरच्या जाणकाराला बोलावून जेवढी चर्चा करायची तेवढी येथे करायची, पण निर्णय येथे घ्यायचा नाही. तो फक्त ग्रामसभेत. ज्ञान वाटले जाते आणि ज्ञानी माणसाला मात्र अधिक मत मिळत नाही. मिखेल्सच्या नियमाच्या लोखंडाला गंज चढवणारी अशी युक्ती आमच्या वाचनात दुसरी नाही. पण नियमाचे दुसरे मूळ, म्हणजे अमुक माणसावाचून अडणे, ते अभ्यासगटाने उपटले जात नाही. मेंढ्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती दोन-तीन नावे घ्यावीच लागतात; आम्हालाही आताच घ्यावी लागली.

आणि सर्वसंमतीत गप्प कोण बसतो? येथे स्वित्झर्लंड शेजारी ठेवावे. तेथे ग्लारुस आणि आपेंझेल या दोन प्रांतांत वसंत ऋतूत नागरिक चौकात जमून हात वर करून कायदे करतात. आपेंझेलच्या (इनरऱ्होडेन) पुरुषांनी १९९० च्या एप्रिलमध्येही स्त्रियांना मताधिकार नाकारला, भर चौकात, मोकळेपणाने. त्याच वर्षी संघीय न्यायालयाने तो द्यायला लावला. समोरासमोरची सभा म्हणजे न्याय, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मेंढ्यात स्त्रिया सभेत बसतात आणि बोलतात, ही बाजू फार मोठी आहे. उलट ग्लारुसच्या चौकाने २००६ साली एका नागरिकाच्या उपसूचनेवर २५ ग्रामसंस्थांच्या तीन करून टाकल्या. कोणा पंडिताला हे अपेक्षित नव्हते. सर्वसंमतीच्या रीतीने हे झाले असते काय? बहुधा सभा अजून बसलेली असती. कोणती रीत बरी हे आम्ही ठरवत नाही. मात्र ज्या गावाचे जगणे एकाच जंगलावर आहे, तेथे हरलेल्या पक्षाला दुसरे जंगल देता येत नाही, एवढे उघड आहे.

मेंढ्याची रीत वरच्या पायरीवर कशी अडते हे सुरजागडला दिसले. एटापल्ली तालुक्यातला तो लोहखनिजाचा डोंगर. ठाकूरदेवाची यात्रा तेथे जानेवारीत भरते. त्या इलाख्यातील ग्रामसभांनी खाणींविरुद्ध ठराव केले. खाण सुरू झाली, आणि खनिजावरचा कारखाना मार्कंड्याच्याच चामोर्शी तालुक्यात, कोनसरीला उभा राहिला. १९९६ च्या पेसा कायद्यात गौण खनिजासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. लोह हे गौण खनिज नव्हे. खाणीच्या बाजूने रोजगाराचे बोलणारेही जिल्ह्यात आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण जिच्यापुढे ते म्हणणे मांडायचे ती सभा, आणि ज्याची सही चालते तो अधिकारी, या दोहोंमध्ये बहुस्तरीय शासनाच्या साऱ्या पायऱ्या पसरल्या आहेत.

तेव्हा भामरागडच्या ग्रामसभांनी जे केले ते मिखेल्सच्या वाचकाला चटका लावणारे आहे. पक्ष नको म्हणणाऱ्या सभांनी २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत आपली माणसे उभी केली. माडिया समाजातले वकील लालसू नोगोटी ग्रामसभांच्या पाठिंब्यावर निवडून आले आणि गडचिरोलीला, जेथे हात मोजून ठराव होतात त्या सभागृहात, जाऊन बसले. मार्च २०२२ मध्ये त्या जिल्हा परिषदेची मुदत संपली. नवी निवडणूक झाली नाही. प्रशासक आला, आणि पुढची तीन वर्षे तरी ते सभागृह रिकामेच होते.