साखरखेर्ड्याची तारीख व ख्रिस्ती सणमालिका

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डें येथें निजामुल्मुल्काच्या फौजेशीं लढतां मुबारिजखान पडला व दख्खनची सत्ता निजामाच्या हातीं गेली, ती गोष्ट इ. स. १७२४ ची. तिची तारीख कांहीं ग्रंथांत ३० सप्टेंबर, तर कांहींत ११ ऑक्टोबर आढळते. वाचकास हा पुराव्यांचा विरोध वाटतो. वस्तुतः दिवस एकच, बुधवार. पहिली तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची, दुसरी पोप ग्रेगरीनें सुधारलेल्या गणनेची. पोर्तुगालनें ही सुधारणा १५८२ सालींच स्वीकारली. इंग्रजांनीं ती १७५२ पर्यंत दूर ठेविली.

एवढें अभ्यासकांस ठाऊक असतें. आमचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. कागदावर तारखेऐवजीं ख्रिस्ती सणाचें नांव असलें, कीं जंत्री उघडून त्यापुढें एक तारीख लिहावी व मोकळें व्हावें, ही पद्धत आम्हांस मान्य नाहीं. सण पाळणारे कोण, हें आधीं विचारलें पाहिजे. साखरखेर्ड्याच्या लढाईच्या आदल्या दिवशीं मुंबईच्या इंग्रजांचा संत मायकेलचा सण होता. वसईच्या पोर्तुगीजांचा तोच सण लढाईपूर्वीं बारा दिवस होऊन गेला होता. समजा, एखाद्या पत्रांत त्या सणानंतर दहाव्या दिवशीं वऱ्हाडांतून लढाईचें वर्तमान आल्याचा उल्लेख आहे. पत्र मुंबईचें असेल तर तें वर्तमान साखरखेर्ड्याचें असूं शकेल. वसईचें असेल तर मुळींच नाहीं. नाताळाचेंही तसेंच. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पण त्या वर्षींचा इंग्रजांचा नाताळ गोव्यांत ५ जानेवारीस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशीं पडला.

तर मग सर्वत्र अकरा दिवस मिळवावे काय? तसें केल्यास दुसरी चूक होईल. ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, चल आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार त्यास धरतात, आणि ही पौर्णिमा आकाशांतली नसून चर्चच्या कोष्टकांतली असते. उपवासकाळ व पेंटेकॉस्ट ईस्टरच्या मागेंपुढें चालतात. १७२४ सालीं गोव्याचें ईस्टर १६ एप्रिलला व इंग्रजांचें ५ एप्रिलला होतें. तारखा भिन्न, रविवार एकच. (जर्मन प्रॉटेस्टंटांनीं मात्र खगोलगणितावर विसंबून त्या वर्षीं तें आठवडाभर आधींच केलें.) उलट १६७४ सालीं दोघांच्या ईस्टरमध्यें पांच आठवड्यांचें अंतर होतें. शिवराज्याभिषेकाची ६ जून ही तारीख जुन्या गणनेची होय. तो शनिवार होता आणि दुसरे दिवशीं इंग्रजांचा पेंटेकॉस्ट होता. ऑक्झिंडन तेव्हां रायगडावर होता. गोव्यांतील पेंटेकॉस्ट मे महिन्यांतच होऊन गेला होता.

म्हणून कागद छापतांना सणाचें मूळ नांव जसेंच्या तसें ठेवावें, लिहिणारा कोणत्या पंथाचा व कोठला तें नोंदवावें, आणि काढलेली तारीख कोणत्या गणनेची हें कंसांत द्यावें. इंग्रजी कागद जानेवारी ते २४ मार्च या मुदतींतला असल्यास सालही तपासावें. १७५२ पूर्वीं त्यांचें कायद्याचें वर्ष २५ मार्चला, मेरीस देवदूताचा संदेश मिळाल्याच्या सणास, बदलत असे.