रहस्यकथेचे आकर्षण : बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाच्या निमित्ताने

रहस्यकथेच्या वाचकाचा विचार मराठी समीक्षेने केला तो बहुधा एका शब्दात : पलायनवाद. हा शब्द उच्चारला की पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. परंतु वाचक पळून नेमका कोठे जातो आणि तेथे त्याला काय मिळते, हा प्रश्न तसाच राहतो. बाबूराव अर्नाळकर (1906-1996) यांच्या लेखनाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. एक हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्यापूर्वी गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या आधारे लिहिलेल्या 'कालिकामूर्ती'सारख्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला अद्भुताची गोडी लावली होती. अर्नाळकरांनी ती छोट्या, स्वस्त पुस्तकांतून सामान्य चाकरमान्याच्या हाती दिली. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही नावे मग घरोघरी झाली.

नाशिकला 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाची मोठी परंपरा आहे. तथापि प्रस्तुत लेखकाला ही पुस्तके भेटली ती गल्लीतल्या, दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका लहानशा दुकानात. हाताळून जीर्ण झालेल्या त्या प्रतींची शेवटची पाने अनेकदा गळालेली असत. तरी त्या घरी नेल्या जात. आधी वाचलेले पुस्तक पुन्हा मागणारेही असत. रहस्यकथेचे आकर्षण म्हणजे 'पुढे काय' ही जिज्ञासा, असे मानले तर या वाचकाचे वर्तन अनाकलनीय ठरते.

पाश्चात्त्य विवेचन येथे अपुरे पडते. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी 1948 साली लिहिलेल्या निबंधात वाचून संपलेली गुप्तहेरकथा आपण विसरून जातो व ती पुन्हा वाचावीशी वाटत नाही, असे सांगितले आहे. एडमंड विल्सन यांनी तर 1945 मध्ये, रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला, असाच सवाल केला होता. दोघांच्याही डोळ्यांपुढे कोडे आहे. आणि सुटलेल्या कोड्यात पुन्हा रमण्यासारखे थोडेच असते. तोदोरोव यांनी 1966 साली गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा असा भेद केला, तो अधिक उपयोगी आहे. अर्नाळकरांच्या अनेक कथांत गुन्हेगार कोण, हे वाचकाला बरेच आधी उमगते. झुंजार संकटातून सुटणार, हे तर पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते, कारण पुढच्या महिन्यात त्याचे दुसरे पुस्तक यावयाचे असते! वाचक श्वास रोखतो तो सुटण्याच्या रीतीसाठी.

ही रीत आपल्याला अपरिचित नाही. पंचवटीत कीर्तनकार सीताहरणाचे आख्यान लावतो तेव्हा रावण भिक्षुकाच्या वेषात येणार आणि अखेर रामाचा जय होणार, हे मांडी घालून बसलेल्या लहान मुलालाही माहीत असते. तरी सीतेचे पाऊल रेषेबाहेर पडताना सभा स्तब्ध होते. शेवट ठाऊक असल्यामुळेच भय निर्धास्तपणे अनुभवता येते. अर्नाळकरांचा वाचक या श्रोत्याच्या जवळचा आहे, ख्रिस्तीच्या वाचकाच्या नव्हे. त्याला उत्तर नको असते. अन्यायाची फेड होणारच, असा कथाकाराने दिलेला शब्द पाळला जाताना पाहावयाचा असतो. कचेऱ्या आणि कोर्ट यांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला कायद्याच्या कडेला उभा असलेला काळापहाड आपला का वाटला असावा, हे यावरून ध्यानात येते.

या साम्यामुळे अर्नाळकरांचे दोष झाकू नयेत. इंग्रजी कथानकांची उसनवारी, घाईचे लेखन, केवळ सोडविल्या जाण्यासाठी पळविल्या जाणाऱ्या स्त्रिया, यांचे समर्थन करता येणार नाही. कीर्तनकार आख्यानात थांबतो, निरूपण करतो. अर्नाळकरांना थांबण्याची सवडच नाही.

मराठीत 'रहस्यकथा' आणि 'गूढकथा' असे दोन शब्द आहेत. हा केवळ नावांचा भेद नव्हे. नारायण धारप (1925-2008) भयकथेकडे वळले तरी 'समर्थ' या व्यक्तिरेखेच्या रूपाने त्यांनी वाचकाला आधार शिल्लक ठेवला. रत्नाकर मतकरी (1938-2020) यांनी मात्र 'खेकडा'मधील गूढकथांतून तो आधारच काढून घेतला. तेथे फेड होईलच असा शब्द कोणी देत नाही, आणि पुस्तक मिटल्यावरही काहीतरी आपल्या खोलीत राहिल्यासारखे वाटते. एकच वाचक दोघांकडेही जातो. पलायन हा शब्द अर्नाळकरांच्या बाबतीत ओढूनताणून लावता येईल, मतकरींच्या बाबतीत तेवढेही शक्य नाही.

पदवीच्या वर्गात कथा हा साहित्यप्रकार शिकविताना या दोघांची एकेक कथा शेजारी ठेवून पाहावी. विद्यार्थी दोन्ही वाचून येतील, याची खात्री नेमलेल्या इतर पुस्तकांबद्दल देता येत नाही.