सोवळ्यापासून साक्षीपर्यंत : ‘स्मृतिचित्रे’ आणि रोजच्या श्रद्धेचा रूपबंध

१

मराठीतील ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचार आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या घटनेभोवती फिरत राहतो. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेली साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या तिन्ही संहिता ‘धर्मांतरितांची आत्मचरित्रे’ या एकाच सदरात घातल्या जातात. मग प्रश्नही ठरून गेलेले असतात. धर्मांतर का केले, कोणाच्या प्रभावाने केले, समाजाने कोणता छळ केला, आप्तांनी कसे दूर लोटले, हे ते प्रश्न. हे प्रश्न गैरलागू आहेत असे नाही. परंतु बाप्तिस्मा एका दिवसाचा असतो आणि त्यानंतर माणसाला पुढची वीस-तीस वर्षे चूल पेटवावी लागते, आजारी मूल सांभाळावे लागते, उसनवारी फेडावी लागते. श्रद्धा टिकते किंवा विरते ती या दिवसांमध्ये. या दिवसांचे वाङ्मयीन रूप कोणते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

अमरावतीत पदव्युत्तर वर्गांना ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. विद्यार्थी लक्ष्मीबाईंच्या विनोदावर प्रसन्न होतात आणि टिळकांच्या धर्मांतराविषयी कुतूहलाने विचारतात. ‘त्यानंतर या बाई ख्रिस्ती म्हणून कशा जगल्या?’ असे मात्र क्वचितच विचारले जाते. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या समीक्षेने त्यांच्या हाती दोनच वाचनपद्धती दिल्या आहेत. एक विनोदाची, दुसरी संघर्षाची. पहिल्या पद्धतीत लक्ष्मीबाई मिस्कील, प्रांजळ गृहिणी ठरतात आणि त्यांचे ख्रिस्तीपण हा केवळ चरित्रात्मक तपशील उरतो. दुसऱ्या पद्धतीत त्या एका मोठ्या कवीची सोशिक पत्नी ठरतात. या ग्रंथाच्या इंग्रजी अवतारांची नावेही याच दृष्टीची साक्ष देतात. १९५० मध्ये आलेल्या इ. जोसेफिन इंक्स्टर यांच्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये केलेल्या अनुवादाच्या उपशीर्षकात ‘वाइफ’ हा शब्द आहे. मूळ मराठी शीर्षकात नवरा नाही, अनुगमनही नाही. तिथे स्मृती आहे आणि चित्रे आहेत. या शीर्षकावर विश्वास ठेवून ग्रंथ वाचला तर काय हाती लागते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

तुलनेसाठी आरंभी उल्लेखिलेल्या अन्य दोन संहिता घेऊ. ‘अरुणोदय’चा रूपबंध युक्तिवादाचा आहे. १८५४ मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींचे मन एक-एक समजूत तपासते, टाकते आणि पुढे सरकते. शीर्षकातील प्रतिमेप्रमाणेच अंधाराकडून उजेडाकडे जाणारी ही सरळ रेषा आहे. अशा रेषेला शेवटचा बिंदू असतो. तो गाठला की सांगण्यासारखे विशेष उरत नाही.

रमाबाईंच्या साक्षीत ही रेषा मोडलेली आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या स्वत:च सांगतात की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता, आणि हा उमज यायला पुढे काही वर्षे जावी लागली. धर्म स्वीकारणे आणि श्रद्धा प्राप्त होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे भान मराठी आत्मपर लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तथापि रमाबाईंची साक्षही अखेर एका निर्णायक क्षणाकडेच जाते. बाप्तिस्म्याच्या जागी आत्मिक जागृती येते, एवढाच फरक. केडगावच्या मुक्तिसदनातील दळण, कांडण, विणकाम, छापखाना आणि बायबलच्या भाषांतराचे प्रदीर्घ काम यांत त्यांचा विश्वास रोज राबत होता. साक्षीच्या रूपबंधात या राबण्याला मध्यवर्ती जागा मिळत नाही.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिथे सरळ रेषा नाही आणि निर्णायक क्षणही नाही. खरे तर निर्णायक घटनांची सामग्री लक्ष्मीबाईंजवळ भरपूर होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड भेटले. हे मिशन वऱ्हाडातही काम करीत होते. वॉर्ड यांनी टिळकांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. कोणत्याही चरित्रकाराने हा प्रसंग ग्रंथाच्या केंद्रस्थानी ठेवला असता. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात मात्र हा नवऱ्याचा बाप्तिस्मा आहे. त्यांच्या वाट्याला त्याचे परिणाम येतात. स्वत:चा बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत जे घडले तेच या ग्रंथातील श्रद्धाकथेचे खरे द्रव्य आहे, आणि ते घडते पाण्याच्या भांड्याशी, चुलीशी, पंक्तीशी.

३

या द्रव्याची मांडणी लक्ष्मीबाईंनी बालपणापासूनच सुरू केली आहे. त्यांचे वडील सोवळ्याने झपाटलेले होते. बाजारातून आलेली मिठासारखी वस्तूही धुतल्यावाचून त्यांच्या घरात येत नसे. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो आणि पुढे जातो. पण या हसण्याखाली एक गंभीर निरीक्षण आहे. धर्म हा या घरात मताचा विषय नव्हता, तो हाताचा विषय होता. कोणत्या हाताने शिवले, कोणत्या भांड्यात ठेवले, कोणी पाहिले, यांवर दिवसाची घडी बसत होती. धर्म ज्या मनात अशा रीतीने रुजला, त्या मनाचे परिवर्तन युक्तिवादाने होणे शक्यच नव्हते. ज्या वाटेने धर्म आत गेला त्याच वाटेने, म्हणजे हातांच्या सवयींतूनच, तो बदलणार होता.

म्हणून टिळक ख्रिस्ती झाल्यानंतर लक्ष्मीबाई त्यांच्याशी वाद घालून हरत किंवा जिंकत नाहीत. त्या आधी दूर राहतात, पुढे जवळ येतात, पण आपले सोवळे सांभाळतात; मग त्यातील एक-एक गाठ सैल होत जाते. राहुरीच्या मुक्कामात त्या स्वत:शीच विचार करतात की, जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशूपक्ष्यांत दिसतो तसा भेद माणसांच्या शरीरांतही दिसला असता. हा विचार तत्त्वज्ञाच्या तोडीचा नाही, असे कोणी म्हणेल. पण त्याचे मोल त्याच्या परिणामात आहे. इथून पुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे, हा निश्चय त्यातून निघतो आणि तो त्या कृतीत आणतात. विशेष हे की, हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. विधीने आचार बदलला नाही. आचार बदलत गेला आणि विधी त्याच्या मागून आला.

इथे ‘स्मृतिचित्रे’च्या शैलीचा उलगडा होतो. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांच्या श्रद्धेवरचा मुलामा नाही, तो तिचा आविष्कार आहे. सोवळ्याच्या जगात प्रत्येक कृतीला अपवित्र होण्याचे भय चिकटलेले असते. ते भय गेले की तीच कृती गमतीची वाटू लागते. आपल्या जुन्या धास्तीकडे हसून पाहता येणे ही मुक्तीचीच एक खूण आहे. मात्र हे हसणे वडिलांना तुच्छ लेखत नाही, सासरमाहेरच्या माणसांना अज्ञानी ठरवीत नाही आणि ख्रिस्ती मंडळींनाही सोडीत नाही. टिळकांचा तापट स्वभाव, पैशाविषयीची त्यांची बेफिकिरी, घरात आणून ठेवलेली परक्यांची पोरे, १९१७ मध्ये मिशनपासून मोकळे होऊन त्यांनी मांडलेला ‘देवाचा दरबार’, हे सारे त्या त्याच तिरकस पण मायेच्या नजरेने पाहतात. टिळकांचे औदार्य ही भावस्थिती होती. ते निभावण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे होते. दारी आलेल्या अनाथाला आसरा देणे हा टिळकांचा ख्रिस्ती धर्म, आणि त्या अनाथासाठी पिठात आणखी एक मूठ घालणे हा लक्ष्मीबाईंचा. दुसऱ्या प्रकारच्या धर्माला मराठीत कवी मिळाले नाहीत. त्याला ‘स्मृतिचित्रे’ हे गद्य मिळाले.

४

या गद्याचे मूळ शोधताना वऱ्हाडातील वाचकाला दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थ आणि मराठी गद्याच्या आरंभाचे स्थान. २०२४ मध्ये तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ते याच वारशाच्या नावाने. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. लीळेचा घटक लहान असतो. एक स्थळ, दोन-चार माणसे, एखादे जेवण, एखादा प्रश्न, एखादे वाक्य. सिद्धान्त बाहेरून सांगितला जात नाही. तो प्रसंगात मुरलेला असतो. गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर ईश्वरपुरुष घरोघरी शिरतो, रांधलेले मागून खातो, आणि विटाळाची सीमा त्याच्या वागण्यात विरून जाते.

लक्ष्मीबाईंवर महानुभाव गद्याचा प्रभाव होता असे सुचविण्याचा हेतू नाही. साम्य आहे ते रूपबंधाचे. स्मृतिचित्र हाही लीळेसारखाच प्रसंगनिष्ठ, संवादप्रधान, निष्कर्ष टाळणारा घटक आहे. केशोबासांनी संस्कृतात लिहू नये, कारण त्यामुळे साध्याभोळ्या बायका वंचित होतील, हा नागदेवाचार्यांचा आग्रह ‘स्मृतिस्थळा’त नोंदला आहे. ज्यांच्यासाठी तो आग्रह होता त्यांच्याच वंशातील एक बाई, शाळेचे तोंड न पाहिलेली, सहा शतकांनंतर स्वत: निवेदक होते, हा मराठी गद्याच्या इतिहासातील मोठा टप्पा आहे.

फरकही तितकाच महत्त्वाचा. लीळेच्या केंद्रस्थानी अवतार आहे आणि म्हणून त्याची प्रत्येक साधी कृती अर्थपूर्ण आहे, हे गृहीत असते. स्मृतिचित्राच्या केंद्रस्थानी एक सामान्य, चिडणारी, घाबरणारी, हट्टी बाई आहे. तिच्या कृतीला अर्थ असेलच अशी हमी कोणी दिलेली नाही. प्लेगच्या दिवसांत रुग्णांजवळ जाताना तिला भीती वाटते, ती भीती तशीच बरोबर घेऊन ती जाते. दैनंदिन श्रद्धेचे आधुनिक रूप हेच असावे. इथे चमत्काराची अपेक्षा नाही, पण काम सोडून पळणेही नाही.

५

असे असले तरी ‘स्मृतिचित्रे’ला मराठी ख्रिस्ती जीवनाचा प्रातिनिधिक ग्रंथ म्हणताना थांबावे लागते. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा प्रवास हा सोवळे सोडण्याचा प्रवास आहे. ज्याच्याजवळ सोवळे होते तोच ते सोडू शकतो. नगर जिल्ह्यात काय किंवा वऱ्हाडात काय, मंडळ्यांमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आले. छप्पन्नच्या दुष्काळात मिशनांच्या आश्रयाने वाढलेली अनाथ मुलेही त्यांत होती. अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे एक जुने ठाणे. यवतमाळला १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. म्हणजे या भागात ख्रिस्ती जीवनाची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. या परंपरेतील बहुतेकांसाठी प्रश्न ‘मी कोणाचे पाणी प्यावे’ हा नव्हता. ‘मला पाणी कोण देईल’ हा होता. लक्ष्मीबाई ज्यांच्या हातचे पाणी प्याल्या, त्या हाताच्या धन्याला त्या क्षणी काय वाटले, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगू शकत नाही. ती त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाची मर्यादा नसून त्याच्या स्थानाची मर्यादा आहे. पुढे दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी पाण्याची दुसरी बाजू मराठीत आणली, परंतु तिथे धर्म हा मुख्यत: नाकारण्याचा किंवा बुद्धाकडे वळण्याचा विषय असल्याने, ख्रिस्ती मंडळीतील दलित माणसाची रोजची श्रद्धा तिथेही कडेलाच राहिली.

ती श्रद्धा नि:शब्द मात्र नाही. तिचा रूपबंध मौखिक आहे आणि त्याचे नाव ‘साक्ष’. वऱ्हाडातील मंडळ्यांच्या प्रार्थनासभांत ‘उपासना संगीत’मधील गीत झाले की एखादी बाई किंवा एखादा शेतमजूर उभा राहतो आणि आठवड्यात काय घडले ते सांगतो. पोराचा ताप उतरला, पाऊस वेळेवर आला नाही तरी धीर सुटला नाही, शेजाऱ्याशी अबोला होता तो मिटला. ही साक्ष रमाबाईंच्या साक्षीसारखी आयुष्याचा हिशेब मांडत नाही. ती आठवड्याचा हिशेब मांडते. तिची बोली वऱ्हाडी असते आणि देवाचे नाव घेताना ती पुष्कळदा बायबलच्या छापील मराठीत शिरते. वाक्याच्या मध्यावर होणारा हा बदल भाषाभ्यासकाने ऐकण्यासारखा आहे. त्यात ठरीव सांगाडा आहे, पुनरुक्ती आहे, कधी दिखाऊपणाही आहे. पण ओवी-भजनांत, कहाणीत, लीळेत तरी ठरीव सांगाडा कुठे नाही? आपण लोकसाहित्य म्हणून जात्यावरच्या ओव्या जमवितो, महानुभावांच्या पोथ्यांचे पाठभेद लावतो. ही जिवंत गद्यपरंपरा विद्यापीठीय संशोधनाच्या कक्षेत सहसा येत नाही. धर्मप्रचाराचा शिक्का मारून ती बाजूला ठेवली जाते.

हा शिक्का काढून ठेवणे समीक्षेचे काम आहे. साक्षीचा अभ्यास करायला अभ्यासकाने ख्रिस्ती असण्याची गरज नाही, जशी ‘लीळाचरित्र’ वाचायला उपदेश घेण्याची गरज नसते. गरज आहे ती श्रद्धेकडे मत म्हणून पाहण्याची सवय सोडून आचार म्हणून पाहण्याची, आणि त्या आचाराचे निवेदन कसे घडते हे ऐकण्याची. ‘स्मृतिचित्रे’ने ही दृष्टी आपल्याला १९३४ पासून देऊ केली आहे. लक्ष्मीबाईंच्या शेजारी त्या शेतमजूर बाईची साक्ष ठेवून दोन्ही एकत्र वाचता आल्या, तर पाणी देणारा हात आणि पाणी घेणारा हात एकाच पानावर येतील.