महासत्तेची संकल्पना आणि जिल्ह्याचे परिमाण : 'इंडिया २०२०' या ग्रंथाची बीड जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय जनमानसात 'महासत्ता' हा शब्द विलक्षण वेगाने रूढ झाला. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व वाय. एस. राजन यांचा 'इंडिया २०२०' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे २००२ ते २००७ या काळात डॉ. कलाम राष्ट्रपतिपदी होते. त्यामुळे हा ग्रंथ वाचलेल्यांपेक्षा त्याचे नाव ऐकलेल्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. शालेय निबंध, वक्तृत्व स्पर्धा, महाविद्यालयीन स्नेहसंमेलने आणि राजकीय सभा यांतून '२०२० साली भारत महासत्ता' हे वाक्य घोषणेसारखे उच्चारले जाऊ लागले. ते साल उलटून गेले आहे. म्हणूनच या ग्रंथाची मांडणी आणि तिच्या भोवती तयार झालेली लोकप्रिय समजूत यांची चिकित्सा करणे आज शक्य व आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात ही चिकित्सा बीड जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे केली आहे.

महासत्ता : संकल्पनेचे स्वरूप

'सुपर-पॉवर' ही संज्ञा विल्यम फॉक्स यांनी १९४४ मध्ये आपल्या ग्रंथातून रूढ केली. मोठ्या शक्तीसोबत ती शक्ती जगात दूरवर नेऊन वापरण्याची क्षमता, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्यांनी अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांची गणना या वर्गात केली होती. मात्र १९५६ च्या सुएझ प्रकरणात अमेरिकेच्या आर्थिक दबावापुढे ब्रिटनला माघार घ्यावी लागली आणि हे स्थान किती अस्थिर असते, हे बारा वर्षांतच दिसून आले.

हॅन्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये राष्ट्रीय शक्तीच्या घटकांत भूगोल, नैसर्गिक साधनसंपत्ती, औद्योगिक क्षमता, लष्करी सज्जता व लोकसंख्या यांच्या जोडीला राष्ट्रीय मनोधैर्य, मुत्सद्देगिरीचा दर्जा आणि शासनाचा दर्जा यांचा समावेश केला. रे क्लाइन यांनी १९७५ मध्ये याच विचाराला सूत्राचे रूप दिले. त्यांच्या सूत्रात लोकसंख्या व भूप्रदेश, अर्थबळ आणि लष्करी बळ यांची प्रथम बेरीज होते. त्या बेरजेला राष्ट्राचे धोरणात्मक उद्दिष्ट व इच्छाशक्ती यांच्या बेरजेने गुणले जाते. या सूत्रातील आकडे वादग्रस्त असले तरी त्याची रचना मार्मिक आहे. गुणक शून्याजवळ गेला तर कितीही मोठी बेरीज निरुपयोगी ठरते. १९९० मध्ये जोसेफ नाय यांनी 'सॉफ्ट पॉवर'ची, म्हणजे आकर्षणातून निर्माण होणाऱ्या प्रभावाची, संकल्पना मांडली आणि या चर्चेला नवे अंग दिले.

मराठीत या संज्ञेसाठी 'महासत्ता' हा शब्द स्थिरावला. 'शक्ती' म्हणजे करण्याचे सामर्थ्य, तर 'सत्ता' म्हणजे दुसऱ्यावर चालणारा अधिकार. 'महाशक्ती' हा पर्याय उपलब्ध असूनही 'महासत्ता' अधिक प्रचलित झाला. परिणामी 'काय करता येते?' या प्रश्नापेक्षा 'कोणावर वर्चस्व आहे?' हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात अग्रस्थानी आला.

'इंडिया २०२०' : मांडणी आणि विपर्यास

टायफॅक या तंत्रज्ञानविषयक परिषदेने १९९६ मध्ये सादर केलेले दृष्टिलेख हा या ग्रंथाचा पाया आहे. कृषी व अन्नप्रक्रिया, विश्वासार्ह वीजपुरवठ्यासह पायाभूत सुविधा, शिक्षण व आरोग्य, माहिती व संज्ञापन तंत्रज्ञान, आणि महत्त्वाची तंत्रज्ञाने व सामरिक उद्योग ही पाच क्षेत्रे डॉ. कलाम यांनी सातत्याने पुढे ठेवली. या क्रमात शेती, वीज, शाळा व दवाखाना यांना मिळालेले स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रंथाचे घोषित ध्येय 'विकसित राष्ट्र' हे आहे. लोकप्रिय प्रचारात मात्र 'विकसित राष्ट्रा'ची जागा 'महासत्ते'ने घेतली. पाच क्षेत्रांपैकी क्षेपणास्त्र व संगणक तेवढे स्मरणात राहिले, आणि शेती, शिक्षण व आरोग्य मागे पडले. हा दोष ग्रंथकारांचा नसून त्याच्या स्वीकाराचा आहे.

तथापि ग्रंथालाही मर्यादा आहेत. त्याची दृष्टी तज्ज्ञ-केंद्रित आहे. योग्य तंत्रज्ञान, योग्य गुंतवणूक आणि दृढ संकल्प एकत्र आले की परिवर्तन घडते, असा विश्वास त्यामागे आहे. या परिवर्तनासाठी श्रम कोण करणार, कोणत्या अटींवर करणार आणि त्या श्रमाचे मोल कोणाकडे जाणार, हे प्रश्न मांडणीच्या केंद्रस्थानी नाहीत. पुढे डॉ. कलाम यांनी 'पुरा' ही संकल्पना मांडून ग्रामीण भागात शहरी सुविधा पोहोचविण्याचा विचार पुढे नेला. त्यातील भौतिक, इलेक्ट्रॉनिक, ज्ञानविषयक व आर्थिक जोडणी हा मूळ ग्रंथाला दिलेला मोलाचा पूरक विचार म्हणावा लागेल. परंतु जोडणीचा रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. त्या रस्त्याने सुविधा गावात येतात, तशीच माणसे गाव सोडूनही जातात.

हैदराबाद संस्थानाचा धडा

शक्तीच्या बेरजेची व गुणकाची प्रचिती बीड जिल्ह्याच्या इतिहासातच मिळते. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाला स्वतःचे चलन, स्वतःची रेल्वे व स्वतःचे सैन्य होते, आणि सातव्या निजामाची गणना जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्तींमध्ये होत असे. दृश्य साधनांच्या यादीत फारसे काही उणे नव्हते. तरीही १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हे राज्य कोसळले. भारतीय सैन्याचे श्रेष्ठत्व हे त्याचे तात्कालिक कारण होते. परंतु स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामाने प्रजेचा मोठा भाग त्या सत्तेपासून आधीच दूर गेल्याचे सिद्ध केले होते. प्रजा ज्या राज्याला आपले मानत नाही, त्याची तिजोरी व तोफखाना कसोटीच्या वेळी अपुरे पडतात. प्रचंड अण्वस्त्रसाठा असूनही डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले, तेव्हा हेच सत्य जागतिक पातळीवर दिसले.

साखरेतील अग्रस्थान आणि ऊसतोड कामगार

२०२१-२२ च्या हंगामात भारत जगातील सर्वांत मोठा साखर उत्पादक ठरला. त्या वर्षी सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र अग्रस्थानी राहिला. आर्थिक सामर्थ्याच्या यादीत ही निश्चितच गौरवाची नोंद आहे. या साखरेमागील तोडणीच्या श्रमात बीड जिल्ह्याचा वाटा फार मोठा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील काही लाख कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादम 'उचल' देतो आणि ती हंगामभर श्रमातून फेडावी लागते. काम चुकल्यास 'खाडा' लागतो. मुले बरोबर गेली की शाळेचे निम्मे वर्ष बुडते. हंगामी वसतिगृहांनी यावर काही उपाय केला असला तरी प्रश्न संपलेला नाही.

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे शून्य ते सहा वयोगटातील लिंगगुणोत्तर दर हजारी ८०७ होते. २००१ मध्ये ते ८९४ होते. म्हणजे ज्या दशकात महासत्तेची घोषणा सर्वाधिक दुमदुमली, त्याच दशकात या जिल्ह्यात मुलींचे प्रमाण झपाट्याने घटले. २०२३ मध्ये भारत जगातील सर्वाधिक लोकसंख्येचा देश ठरला आणि 'मनुष्यबळ' ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू मानली गेली. मात्र मनुष्यसंख्या आपोआप मनुष्यबळ होत नाही. आरोग्य, शिक्षण व सुरक्षित रोजगार यांतूनच संख्येचे बळात रूपांतर होते, आणि हे रूपांतर दिल्लीत नव्हे तर तालुक्यातील शाळेत, दवाखान्यात व फडावर घडते किंवा अडते.

वीज, पाणी आणि रेल्वे

'विश्वासार्ह वीज' हा ग्रंथातील महत्त्वाचा घटक आहे. परळी येथील औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून राज्याला वीज पुरवत आले. फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. यंत्रे होती, कुशल कर्मचारी होते. अडचण पाण्याची, म्हणजेच खोऱ्याच्या नियोजनाची होती. तंत्रज्ञानाचे सामर्थ्य शासनाच्या दर्जावर किती अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

अहिल्यानगर-बीड-परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. अहिल्यानगर ते बीड ही गाडी सुरू होण्यास १७ सप्टेंबर २०२५ उजाडले. मधल्या काळात २०१४ मध्ये भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. यावरून अंतराळ संशोधन हा अनाठायी खर्च होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उलट, जेथे उद्दिष्ट स्पष्ट, जबाबदारी निश्चित व निधी सलग होता, तेथे याच देशातील माणसांनी जगन्मान्य यश मिळविले. उणीव बुद्धीची नसून ती शिस्त सामान्य नागरिकाच्या गरजेपर्यंत न पोहोचण्याची आहे.

एक आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत भीषण दारिद्र्य होते, तरी ते साम्राज्य बलाढ्य होते. सोव्हिएत संघाने १९३० च्या दशकात दुष्काळ भोगला, तरी १९४५ नंतर तो दुसरी महासत्ता बनला. म्हणजे दारिद्र्य असूनही देश सामर्थ्यशाली होऊ शकतो. 'आधी भाकरी, मग महासत्ता' हे लोकप्रिय प्रत्युत्तर त्यामुळे इतिहासाच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही.

मात्र या उदाहरणांतील शक्ती कोणत्या किमतीवर उभी राहिली, हे पाहिले पाहिजे. ब्रिटनने वसाहतींच्या साधनांवर, तर सोव्हिएत संघाने सक्तीवर भिस्त ठेवली. लोकशाही भारताला हे दोन्ही मार्ग खुले नाहीत, आणि ते नसावेत यातच प्रजासत्ताकाची प्रतिष्ठा आहे. म्हणून भारताच्या बाबतीत नागरिकाची क्षमता हा केवळ कल्याणाचा विषय नसून शक्तीचाच स्रोत ठरतो. २०२२ मध्ये भारत जगातील पाचव्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला. २०२५ च्या मानव विकास अहवालात मात्र त्याचा क्रमांक १९३ देशांत १३० वा होता. या दोन क्रमांकांतील अंतर म्हणजे अद्याप वापरात न आलेल्या शक्तीचे मोजमाप होय.

निष्कर्ष :

१) 'इंडिया २०२०' या ग्रंथाचे ध्येय विकसित राष्ट्राचे होते. त्याचे 'महासत्ते'त झालेले रूपांतर हा लोकप्रिय स्वीकाराचा विपर्यास आहे.

२) श्रमाच्या अटी व स्त्रियांचे आरोग्य यांना केंद्रस्थान न देणे ही ग्रंथाची मर्यादा आहे. बीड जिल्ह्याच्या अनुभवातून ती ठळकपणे दिसते.

३) लोकसंख्या, संपत्ती व शस्त्रे यांची बेरीज शक्तीला आवश्यक असली तरी पुरेशी नाही. शासनाचा दर्जा व लोकांचा विश्वास हे गुणक निर्णायक ठरतात, असे १९४८ चे हैदराबाद व १९९१ चा सोव्हिएत संघ दर्शवितात.

४) राष्ट्रीय शक्तीच्या अभ्यासात देश या एककासोबत जिल्हा हे एककही स्वीकारले पाहिजे. बीडमधील ऊसतोड कामगाराच्या मुलीने सलग दहा महिने शाळेत बसणे ही बाब कोणत्याही जागतिक क्रमवारीत दिसणार नाही. तथापि येत्या पिढीत भारताचे जगातील स्थान काय असेल, हे ठरविणाऱ्या घटकांत तिची गणना करावी लागेल.