'बंध' या संज्ञेचे दुहेरी ओझे

मराठीतून रसायनशास्त्र शिकविताना 'आंतररेण्वीय बल' ही संज्ञा सर्रास वापरली जाते. 'आंतर' म्हणजे दोहोंमधील. तथापि विद्यार्थी तिचा अर्थ 'रेणूच्या आतील' असा लावण्याचा संभव असतो. त्यात 'हायड्रोजन बंध' या नावाची भर पडते, कारण 'सहसंयुज बंध' या संज्ञेतही तोच 'बंध' आहे. परिणामी पाणी उकळताना त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन विलग होतात, असा गैरसमज होऊ शकतो.

पंचवटीत रामकुंडावरील स्नानानंतर वाळत घातलेले वस्त्र या समजाचे खंडन करते. बाष्प होऊन जाणारे पाणी पाणीच राहते. सुटते ते केवळ रेणू-रेणूंमधील आकर्षण. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, हायड्रोजन बंधास मात्र सुमारे २०. तरीही हे बल नगण्य नव्हे. ते अत्यंत क्षीण असल्याने हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. सुती वस्त्र पॉलिएस्टरपेक्षा सावकाश वाळते, त्यामागेही सेल्युलोज व पाणी यांच्यातील हायड्रोजन बंधांचा वाटा आहे.

रूढ संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र व्याख्येपूर्वी 'येथे नेमके काय तुटते?' हा प्रश्न वर्गात विचारला जाणे अगत्याचे आहे; अन्यथा संज्ञा पाठ होईल, संकल्पना नाही.