पकड आणि तिची अनुकृति

श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय आपल्या साहित्यचर्चेंत घासून इतका गुळगुळीत झाला आहे, कीं त्याचें नांव काढतांच वाचक पान उलटतील अशी भीति वाटते. तथापि ज्या एका नव्या कलाप्रकाराचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे, त्याला तो जितका चपखल लागू पडतो तितका नाटकालाही कधीं पडला असेल कीं नाहीं याची शंका आहे. चित्रांतला घोडा खरा आहे असें कोणी समजत नाहीं, तो खोटा आहे असेंही कोणी म्हणत नाहीं. तो घोडाच, पण चित्रांतला. मोटारी हांकण्याचे जे संगणकी खेळ आज घरोघरीं मुलें खेळतात, आणि मुलें निजल्यावर त्यांचे वडील खेळतात, त्यांतील मोटार नेमकी याच कोटींतली वस्तु आहे. परंतु शंकुकाच्या मतावर अभिनवगुप्ताचे गुरु भट्टतौत यांनीं घेतलेला आक्षेपही येथें तितकाच बिकट होऊन पुढें येतो. अनुकरण म्हणतां, पण अनुकरण कशाचें? जें दिसतें त्याचें, कीं ज्याच्यामुळें तें तसें दिसतें त्याचें?

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास ड्रॅग शर्यतीसारखें दुसरें स्थळ नाहीं. ही शर्यत मूळची अमेरिकेची. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या; समोर सरळ रस्ता, मूळ माप पाव मैलाचें, म्हणजे सुमारें ४०२ मीटर; दिवा हिरवा झाला कीं सुटावयाचें आणि जो आधीं पोंचेल तो जिंकला. वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून तिला नियमांच्या चौकटींत बसविलें. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही असे सामने भरले आहेत. वरवर पाहणारास ही निव्वळ एंजिनांची झुंज वाटते. जो अधिक गर्जेल तो जिंकेल अशी त्याची समजूत होते. खेळ रचणाऱ्यांची पहिली पिढी याच समजुतीची होती.

वस्तुतः या नाट्याचा नायक टायर आहे. घर्षण भाराच्या प्रमाणांत असतें, स्पर्शाच्या क्षेत्रफळाशीं त्याचा संबंध नाहीं, हा नियम आमोन्तों या फ्रेंच पंडितानें १६९९ सालीं मांडला आणि आपण तो शाळेंत घोकला. रबर व रस्ता यांचा घर्षणगुणांक १ धरला, आणि गाडीचा सगळा भार मागच्या चाकांवर आला असें उदारपणें मानलें, तर गाडीचें त्वरण गुरुत्वाच्या त्वरणाहून अधिक होऊं शकत नाहीं. या हिशेबानें पाव मैलास नऊ सेकंद लागलेच पाहिजेत. एंजिन वाटेल तेवढें मोठें बसवा! प्रत्यक्षांत १९८८ सालीं एडी हिल यानें हें अंतर पांच सेकंदांच्या आंत तोडलें. वेग वाढल्यावर मागचा पंख वाऱ्याच्या दाबानें गाडीला खालीं रेटतो हें खरें. पण सुटण्याच्या क्षणीं वारा कोठला? तेथें काम करतें तें रबरच, आणि रबर शाळेंतला नियम पाळीत नाहीं. तें रस्त्याच्या बारीक खळग्यांत शिरतें, चिकटतें, ताणलें जातें, तापतें, आणि तापल्यानें त्याचा स्वभाव पालटतो.

म्हणून या शर्यतींतील खरें कसब गाडी सुटण्यापूर्वींच सुरू होतें. रस्त्यावर राळेसारखा चिकट द्रव फवारतात. चालक मागचीं चाकें पाण्यांत भिजवून जागच्या जागीं गरगर फिरवितो. धुराचे लोट उठतात. प्रेक्षक त्यास तमाशा समजतात; पण त्या योगें टायर स्वच्छ होतो, ऊन होतो, आणि रस्त्यावर स्वतःच्याच रबराचा एक थर देऊन ठेवतो. 'टॉप फ्युएल' या सर्वांत प्रबळ वर्गाच्या गाड्यांच्या मागच्या टायरांत हवा असते अवघी सहासात पौंडांची. आपल्या घरच्या मोटारींत ती तीसच्या आसपास असते. या पोचट टायरावर एंजिनाचा जोर येतांच त्याच्या कडेला लुगड्याच्या निऱ्यांसारख्या सुरकुत्या पडतात, त्याचा तळ रस्त्यावर पसरतो, आणि मग वेगाबरोबर तोच टायर उंच व अरुंद होत जाऊन गिअर बदलल्याचें काम करतो. दुसरीही एक गंमत आहे. पकड आणि घसर यांस आपण शत्रु मानतों. पण चाक रस्त्याच्या मानानें थोडें अधिक फिरल्यावांचून, म्हणजे किंचित् घसरल्यावांचून, पकड पुरी उत्पन्नच होत नाहीं. साध्या टायराची कोरड्या रस्त्यावरील पकड दहा ते वीस टक्के घसरीच्या दरम्यान शिखरास पोंचते; तेथून पुढें पाऊल पडलें कीं उतार. चालकाची व त्याच्या कारागिरांची सगळी विद्या त्या शिखरावर उभें राहण्याची आहे. शक्ति किती आहे यापेक्षां ती किती आवरून द्यावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो.

आतां खेळांकडे वळूं. डेव्हिड क्रेन यांनीं १९८० सालीं ॲक्टिव्हिजन या कंपनीसाठीं रचलेला 'ड्रॅगस्टर' हा या घराण्याचा एक मूळपुरुष. त्यांत एंजिन आहे, क्लच आहे, फाजील वेगानें फिरविल्यास एंजिन फुटण्याची शिक्षाही आहे. टायर मात्र केवळ काढलेला आहे. या खेळांतील ५.५१ सेकंदांचा एक उच्चांक वर्षानुवर्षें नोंदलेला होता. पुढें एका अभ्यासकानें त्या खेळाची संगणकी आज्ञावली उलगडून दाखविलें कीं, ५.५७ हून कमी वेळ त्यांत संभवतच नाहीं; आणि २०१८ सालीं तो उच्चांक रद्द झाला. या प्रकरणांत लोकांस लबाडीचा वास आला. आम्हांस त्यांत एक साहित्यशास्त्रीय सिद्धान्त दिसतो. ज्या खेळांत सर्वोत्तम धांव कागदावर मांडून काढतां येते, त्यांत अज्ञात असें कांहीं उरलेलें नसतें. खऱ्या मैदानावर ही आकडेमोड कोणासही साधलेली नाहीं, कारण या घटकेला, या उन्हांत, या पट्ट्यावर रस्ता किती धरील हें तो धरीपर्यंत पूर्णपणें कळत नाहीं. कारागीर उष्णतामापक घेऊन रस्त्यावर ओणवे होतात ते याचसाठीं.

पुढच्या खेळांनीं टायराचें अस्तित्व मान्य केलें, पण तें वाण्याच्या पद्धतीनें. 'ग्रान टुरिस्मो'च्या २०१० सालच्या पांचव्या भागांत टायरांचे तीन वर्ग आणि प्रत्येकाचे कठीण, मध्यम व मऊ असे तीन पोटभेद आहेत. जणुं तांदळाच्या प्रती लावून ठेवल्या आहेत. २०२१ च्या 'फोर्झा होरायझन ५' मध्यें ड्रॅगचा टायर हा विकत घेण्याच्या वस्तूंच्या यादींतला एक जिन्नस आहे. पैसे मोजले कीं पकड मिळाली. खेळ म्हणून हे खेळ देखणे आहेत आणि त्यांचा आनंद आम्ही नाकारीत नाहीं; मेक्सिकोचें आकाश तर त्यांत फारच सुरेख उतरलें आहे. परंतु पकड हा टायराचा गुण आहे, हें त्यांचें गृहीतच चुकीचें आहे. पकड हा संबंध आहे. रबर, भार, उष्णता आणि रस्ता या चौघांचा. बाप हा जसा एकट्या पुरुषाचा गुण नव्हे, अपत्यावांचून तो शब्दच लटका पडतो, तसेंच हें आहे. ज्या मुलानें पांच वर्षें पकड दुकानांतून आणिली, तो मृगाच्या पहिल्या सरीनंतर तेल वर आलेल्या रस्त्यावर बापाची गाडी नव्या टायरांच्या भरंवशावर सोडील, तेव्हां त्याच्या बोटांस कसलीच शंका शिवणार नाहीं. कादंबऱ्यांनीं तरुण बिघडतात असें आमचे वडील म्हणत. आम्ही तेवढें म्हणत नाहीं. पण कार्यकारणाची चुकीची संवय लागते एवढें खास.

कोणी म्हणेल, या खेळांमागें मोठें गणित आहे. आहेच. डेल्फ्ट येथील हान्स पासेका यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९८७ सालीं टायराच्या वर्तनाचें एक सूत्र प्रसिद्ध केलें. त्यास 'जादूचें सूत्र' असेंच म्हणतात, आणि हें नांव फार प्रामाणिक आहे. मोजून आलेल्या बिंदूंमधून तें एक डौलदार रेषा नेतें. ती रेषा तशी कां, हें तें सांगत नाहीं. आपल्या जुन्या अलंकारग्रंथांची हीच तऱ्हा होती. उपमेचे भेद पाठ येत असत, उपमा सुचते कशी हें येत नसे. असें सूत्र मोजमापाच्या आंत उत्तम चालतें. पण सुरकुतलेला, तापलेला, राळेवर चिकटलेला टायर साध्या रस्त्यांच्या मोजमापाबाहेर उभा असतो, आणि तेथें त्या रेषेला धरून चालणें म्हणजे नकाशाच्या कडेपलीकडे प्रवास करणें होय.

दोन कृतींचा मात्र आदरानें उल्लेख केला पाहिजे. इटलींतील कुनोस यांच्या २०१४ च्या 'असेट्टो कोर्सा'मध्यें ड्रॅगचा स्वतंत्र विभाग आहे, शिवाय रस्ता धुळकट आहे कीं मुरलेला याची निवड आहे, आणि फेऱ्यांबरोबर त्याची पकड वाढते. रस्त्याला इतिहास असतो हें येथें मान्य झालें. उणीव एवढीच कीं हा इतिहास सगळ्या रस्त्याला मिळून एकाच आकड्यांत सांगितला आहे. ब्रेमेन येथें घडलेला 'बीमएनजी ड्राइव्ह' याहून पुढें जातो. त्यांत गाडी ही बिंदु आणि त्यांस जोडणाऱ्या लवचिक दांड्या यांची बांधणी आहे, टायरही तसाच. म्हणून ड्रॅगचा टायर जोर येतांच आपोआप दबतो; ती दबण्याची क्रिया कोणी चित्रकारानें रंगविलेली नाहीं, ती कारणांतून उद्भवली आहे. भट्टतौतांस येथें निदान क्षणभर थांबावें लागलें असतें. जोर अधिक झाला कीं मागचा भाग थरथरतो, चाक सुटतें, आणि खेळणारा पाय उचलतो. तो पाय उचलणें हाच या प्रकारांतला स्थायीभाव आहे असें आम्ही समजतों. रस्ता मात्र येथेंही मुकाच आहे. डांबराला घर्षणाचा एक ठराविक आकडा दिला, कीं तें पहिल्या गाडीला जसें तसेंच शंभराव्या गाडीला.

खऱ्या सामन्यांत मागच्या फेरींत ज्याचा वेळ कमी, त्याला डावा कीं उजवा पट्टा हें निवडण्याचा हक्क मिळतो, आणि त्या निवडीवर कारागीर तासतास वाद घालतात. सकाळीं चांगला असलेला पट्टा दुपारीं उन्हानें मऊ पडलेला असतो. कोणाचें तेल सांडलेलें असतें, कोणाचें रबर वाढलेलें असतें. येथें विचारांत घेतलेल्या खेळांत दोन पट्टे असतात, पण ते एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात, आणि खेळणारा कोठल्याही बाजूस निश्चिंतपणें गाडी उभी करतो.