धूम्रपान, सोरायसिस आणि एक प्रश्नावली

धूम्रपान सोडल्याने फुप्फुसांना व हृदयाला होणारा लाभ आपण वर्गात सांगतोच. त्वचेचा विषय मात्र क्वचित निघतो. त्यासाठी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००७ साली आलेला सेट्टी, कर्हान व चोई यांचा शोधनिबंध शिक्षकांनी पाहण्याजोगा आहे; निष्कर्षापेक्षाही तो कसा काढला यासाठी.

सोरायसिसमध्ये प्रतिकारयंत्रणा बिघडते, त्वचेच्या पेशी फार वेगाने तयार होतात आणि लाल, खवलेदार चट्टे उठतात. हा रोग संसर्गजन्य नाही. लेखकांनी अमेरिकेतील ७८,५३२ परिचारिकांची १९९१ ते २००५ या काळातील माहिती तपासली. त्यांपैकी ८८७ जणींना नव्याने सोरायसिस झाला. कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांत धोका १.७८ पट, सोडलेल्यांत १.३७ पट आढळला. सोडून २० वर्षे झाली की तो जवळजवळ न ओढणाऱ्यांइतका खाली येतो.

रोग झाल्यावर ‘पूर्वी किती ओढत होता?’ असे विचारले, तर उत्तरावर आजाराची छाया पडते. येथे सवयीची नोंद दर दोन वर्षांनी, आजाराच्या आधीच होत होती. ही या कामाची भक्कम बाजू. आजाराची नोंद मात्र तशी नाही. डॉक्टरांनी सोरायसिसचे निदान केले आहे का आणि केव्हा, हे २००५ च्या प्रश्नावलीत विचारले गेले. सर्वांची त्वचा कोणी तपासली नाही. परिचारिका जाणकार खऱ्या, पण दहा वर्षांपूर्वीचे निदान आठवून लिहायचे म्हणजे चूक संभवते. शिवाय तोवर ज्या वारल्या किंवा पाहणीतून गळाल्या, त्या हिशेबात येतच नाहीत.

दुसरी शंका सोडणाऱ्यांविषयी. जी स्त्री सिगारेट सोडते ती बहुधा वजन, आहार, व्यायाम यांकडेही लक्ष देऊ लागते. स्थूलपणा, मद्यपान अशा गोष्टींचा प्रभाव लेखकांनी गणिताने वेगळा काढला आहे. पण न मोजलेले काही उरतेच. तरीही धूम्रपान जितके जास्त तितका धोका वाढत जातो आणि सोडल्यावर तो वर्षांगणिक उतरतो. ही चढउतार नुसत्या योगायोगाची वाटत नाही. मला तरी कार्यकारणसंबंध पटतो.

खटकते ते अशा निष्कर्षाचे भित्तिपत्रक होताना. ‘धोका ७८ टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य खरे, पण अर्धे. १४ वर्षांत हजारी सुमारे ११ जणींनाच हा रोग झाला. न ओढणाऱ्या हजारांत १० जणींना होतो असे धरले, तर ओढणाऱ्यांत सुमारे १८ जणींना होईल. हे त्रैराशिक आठवीची मुलेही करतील. ते न करता भित्तिपत्रक लावले, तर अंगावर चट्टे असलेल्या एखाद्या पालकाकडे पाहून मुले ‘हे सिगारेट ओढत असणार’ म्हणतील. न ओढणाऱ्यांनाही सोरायसिस होतो.

‘सोडले की सगळेच रोग हटतात’ हेही खरे नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा विकारही प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातला. त्याच्या रुग्णांत धूम्रपान करणारे कमी असतात, हे कार्डिफच्या संशोधकांनी १९८२ साली दाखवले. धूम्रपान सोडलेल्यांत तर तो अधिक आढळतो. म्हणून कोणी ओढत राहावे असे नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्या १९५१ पासूनच्या ५० वर्षांच्या पाहणीत धूम्रपान करणारे सरासरी सुमारे १० वर्षे आधी दगावले. विद्यार्थ्यांना हा अपवाद लपवून सांगू नये, इतकेच.

आणखी एक. या परिचारिका बहुतांशी गौरवर्णीय, आणि मोजमाप सिगारेटचे. आपल्याकडे बायकांच्या हातात सिगारेटपेक्षा मिश्रीची डबी अधिक. त्या मिश्रीचा त्वचेशी काय संबंध, याविषयी हा निबंध काही सांगत नाही.